साडूसाठी लावलेला सापळा

चौकटराव हे नाव त्यांना छापखान्यानंच दिलं होतं. बागकामाच्या मासिकाची पानं ते संगणकावर लावत. मजकुराची चौकट आखायची, तिच्यात लेख ओतायचा, शेजारी गुलाब बसवायचा. चहा अगोड लागला, तर साखर कोणी पळवली याचा आधी विचार करणारा माणूस.

मुद्रितं तपासायला मालकांनी नेमला तो नेमका त्यांचा साडू. हा माणूस आपल्या पानांना हात लावणारच, असं धरून चौकटराव प्रत्येक मजकुराच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर एक चिमुकली पांढरी चौकट ठेवू लागले. पांढऱ्यावर पांढरं, दिसणार कोणाला? मजकूर कोणी हलवला, की तिची जागा चुकणार आणि चोर हाती लागणार.

पुढच्याच अंकात जास्वंदीचा लेख ‘खत घातल्यावर लगेच’ इथे संपला. लगेच काय करायचं, ते विचारायला वाचकांचे फोन सुरू झाले. मालक म्हणाले, पुन्हा असं झालं तर पानं बाहेरून लावून घेऊ. चौकटरावांनी सापळे तपासले. सगळे जागच्या जागी. म्हणजे साडू वाटला त्याहून पोचलेला निघाला.

नवा अंक छपाईला जायच्या दिवशी साडू खुर्ची ओढून शेजारी बसला. मोगऱ्याचा लेखही अर्धवट होता. त्यानं मजकुराच्या कोपऱ्यावर माउस नेला, तर ती पांढरी चौकट हाती लागली; त्यानं ती बाजूला सरकवली. खाली लाल अधिकचं चिन्ह होतं, म्हणजे मजकूर चौकटीत मावत नसल्याची संगणकाची तक्रार.

“भाऊ, हे झाकलं कोणी?”

चौकटरावांना खोकला आला. त्यांनी गुपचूप मोगऱ्याचा फोटो लहान केला, चौकट खाली ओढली, आणि दडलेल्या चार ओळी निमूट बाहेर आल्या.

तेवढ्यात मालक दारात आले. साडू मान वर न करता म्हणाला, “सगळं बसलंय. पाठवा छपाईला.”

काम वाचलं. घरी आल्यावर चौकटराव बराच वेळ नुसते येरझाऱ्या घालत होते. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यांनी बायकोला हळूच विचारलं, “तुझ्या ताईचं आपल्याकडे काही काम अडलंय का गं?”