फॉक्सप्रोचं उद्यापन

आमच्या अमरावतीच्या घरी खाली स्वयंपाकघर अन् वर ह्यांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. किस्से गोळा करायला मला कुठं जावंच लागत नाही. वरून चहाचे रिकामे कप खाली येतात, त्यांच्यासोबत एखादा येतोच!

*

ह्यांची भाषा फॉक्सप्रो. कॉम्प्युटरची ती भाषा आता कुणी शिकत नाही. ऑफिसातली रश्मी पायथन ह्या नव्या भाषेवाली. नागपंचमीला मी तिला बजावलं, "आज चिरणं-कापणं बंद, बरं का!"

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "जुना कोड काहून नाही उडवला?"

"सर, काकूंनी कापाकापी बंद सांगितली. त्यात माझी भाषा पायथन, म्हणजे अजगरच!"

ह्यांनी त्या कोडचा बॅकअप पाहिला, तर घेतलेलाच नव्हता! उडवला असता तर कायमचा गेला असता. मी लगेच नागोबाला हात जोडले.

*

एक पोरगा नोकरीसाठी आला. ह्यांनी विचारलं, "प्रोफेशनल कोनाले म्हणतात?"

"कस्टमरनं काहीही मागू द्या, 'होऊन जाईन' म्हणायचं."

"अन् नाही झालं तर?"

"फोन नाही उचलायचा!"

ह्यांनी त्याला पोहे खाऊ घातले, म्हणाले, "तुझं होऊन जाईन." मग आठवडाभर त्याचे फोन येत राहिले अन् हे न उचलता पाहत राहिले!

*

अकोल्याच्या जुन्या शहरातले भाऊसाहेब डाळमिलवाले हे ह्यांचे फॉक्सप्रोचे शेवटचे गिऱ्हाईक. त्यांच्याकडं पुण्याचे मॅनेजर आले. स्क्रीनवर आलं, 'हिशोब करून राहिलो.' त्यांनी मशीन बंद केली! सगळा हिशोब अर्धवट.

हे फोनवर ओरडले, "करून राहिलो म्हणजे चालू हाय ना साहेब!"

"मग 'राहिलो' कशाला? मला वाटलं, काम करून तो मोकळा राहिला!"

*

मी एकदा ह्यांना विचारलं, "भाषा जुनी होते म्हणजे काय? गंज चढतो?"

"नाही वं. चालते मस्त. पण नवे लोक शिकत नाहीत, मंग दुरुस्त करणारा एकटा मीच राहतो."

"म्हणजे व्रत सगळ्यांनी सोडलं अन् उद्यापन कुणीच नाही केलं!"

हे हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी अकोल्याला गेले अन् भाऊसाहेबांना स्वतःच म्हणाले, "नवा प्रोग्राम घ्या. मी नसलो तर तुमचं अडेल." शेवटचं गिऱ्हाईक, अन् स्वतःच्या तोंडानं सोडलं! घरी आले, तर जेवले नाहीत. मी म्हटलं, "अहो, देवाला सगळं कळते. आपण नीट उद्यापन करू."

*

रश्मीनं नवा प्रोग्राम केला. जुना बंद करायच्या दिवशी मी पुरणपोळ्या घेऊन ह्यांच्यासोबत मिलमध्ये गेले. कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं. मॅनेजर घड्याळ पाहत होते, जुना कॉम्प्युटर न्यायला भंगारवाला दारात उभा होता.

"कर बापा बंद," भाऊसाहेब म्हणाले.

ह्यांनी बटण दाबलं. जुना प्रोग्राम बंद होताना ह्यांनी कधीकाळी लिहिलेला एकच शब्द स्क्रीनवर आला, 'येतो!' अन् स्क्रीन काळी झाली.

भंगारवाला पुढं सरकला. भाऊसाहेब आडवे आले.

"हात नको लावू त्याले!"

मॅनेजर म्हणाले, "अहो, आता तो बंद झाला!"

"तुमाले वाचता येते ना साहेब? तो 'येतो' म्हणून गेला. 'जातो' म्हणाला का?"