वेळ घेऊन यावे

स्वरूप चुरी जर्मनीला एक सेमिस्टर शिकून आला आणि बोळिंजमध्ये पाय ठेवल्यापासून त्याच्या तोंडी 'आमच्या तिकडे' सुरू झालं. तिकडे म्हणजे जिथे हा पाच महिने राहिला तिथे. जिथे जन्म गेला ते गाव आता 'तुमच्याकडे' झालं होतं. तुमच्याकडे रिक्षावाले वाकडे उभे राहतात, तुमच्याकडे लोक बेल न वाजवता घरात शिरतात. त्याच्या घराला बेल नव्हतीच. ती त्याने येऊन बसवली. त्याचा आजा गंगाराम स्वतःच्याच दारात उभा राहून ती वाजवायचा आणि हसायचा.

मला हसू यायचं नाही. मी शेजारी. बाप लवकर गेल्यावर आज्याने आणि आईने, मालनने, मोगऱ्याच्या वाडीवर हे पोर वाढवलं. दोघं पहाटे कळ्या खुडायला गेले की पोर आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचं, आणि माझी बायको जयवंती त्याला चहा-भाकरी द्यायची. तेव्हा त्याला प्रायव्हसी ठाऊक नव्हती, भूक ठाऊक होती.

हे खूळ त्याच्या डोक्यात कसं शिरलं ते मालननेच सांगितलं. तिकडे तो ज्या बाईच्या घरी भाड्याने राहत होता तिचा नवरा वारला. हा बोळिंजचा पोर, ऐकलं तसा जिना उतरला आणि त्यांच्या बैठकीत मान खाली घालून बसून राहिला. थोड्या वेळाने त्या बाईची मुलगी आली आणि गोडीत म्हणाली, पुढच्या वेळी आधी विचारून ये. शहाण्या माणसाने म्हटलं असतं, त्यांची रीत त्यांना, आपली आपल्याला. पण हा असा काही शरमला की त्याला आपलं अख्खं गावच रानटी वाटायला लागलं. शरम एकट्याची आणि शिक्षा गावाला.

गंगारामकाका वसईच्या दवाखान्यात वारले. त्यांना घरी आणायच्या आत स्वरूपचा मेसेज गावाच्या ग्रुपवर आला. 'आजोबांचे निधन झाले आहे. कृपया आधी फोन करून वेळ घेऊन यावे. एका वेळी चारच व्यक्ती. कुटुंबाच्या प्रायव्हसीचा आदर करावा.'

आमच्याकडे लग्नाला आमंत्रणाशिवाय कोणी जात नाही आणि मयताला आमंत्रणाची वाट कोणी बघत नाही. गंगारामकाका तर हातातलं काम टाकून कोयता घेऊन बांबू तोडायला निघायचे. ज्यांच्याशी बांधावरून कोर्टात भांडले त्यांचीही तिरडी त्यांनीच बांधली. आणि त्यांच्या मयताला आम्ही वेळ घ्यायची!

जयवंतीने तरी फोन लावला. तो म्हणाला, "काकी, साडेचारचा स्लॉट चालेल?"

तिने फोन खाटेवर टाकला आणि पदर तोंडाला लावला. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "कोणी जायचं नाही! येऊ नका म्हणतोय ना? मग बसा." गावातले पुरुष माझ्या अंगणात जमले होते. बांबू तोडून आणलेले होते, सुतळी होती, सगळं होतं. कुंपणापलीकडे काकांना घरात नेलेलं दिसत होतं आणि आम्ही अलीकडे बसून राहिलो. सूर्य कलला तरी त्याने कोणाला हाक मारली नाही.

मग एक पांढरी गाडी आली. एकसारखे शर्ट घातलेली चार पोरं उतरली. स्वरूपने भाड्याचे खांदेकरी मागवले होते. काकांना आता ती पोरं नेणार होती, ज्यांना त्यांचं नावही विचारून घ्यावं लागलं असतं. मला स्वरूपची किळस आली.

तेवढ्यात मालन आमच्या अंगणात आली. घरात मयत असताना बाई असा उंबरा ओलांडत नाही. केस सुटलेले, पाय अनवाणी.

"भावोजी," ती म्हणाली, "मामंजींनी कोनाला खांदा दिला नाय, ते सांगा. तो बसू दे. बाकीचे उठा."

सगळे उठले. बेल कोणी वाजवली नाही. ओटीवर तिरडी बांधायला घेतली, बायका मालनला धरून आत गेल्या. स्वरूप मध्ये आला. "काका, एक मिनिट, मी त्यांना ऑलरेडी बुक केलंय..."

मी त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि अग्नीचं मडकं दिलं. "धर. पुढे चाल."

तो पुढे चालला. भाड्याची पोरं गाडीला टेकून बघत राहिली. खांदे इतके होते की काकांना दहा पावलंही एकाच्या खांद्यावर राहू दिलं नाही. आजूबाजूच्या कॉम्प्लेक्समधली माणसं गॅलरीत येऊन उभी राहिली. स्मशानात पाण्याचं मडकं फोडल्यावर तो लहान पोरासारखा रडला. कोणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी ठेवला नाही.

परतताना तो फाटकात हात जोडून उभा राहिला आणि एकेकाला म्हणू लागला, "थँक यू, आलात." माझी पाळी आली तेव्हा त्याने माझा हात धरला. "काका, रागावलात का माझ्यावर?"

मी हात सोडवून घेतला आणि निघालो. मयतावरून परतताना निरोप घ्यायची आमच्यात रीत नाही. असती तरी मी त्याच्याशी बोललो नसतो.