जावेला दिलेली ट्यूब

पार्लर घराच्या पुढच्याच खोलीत होतं. एक फिरती खुर्ची, भिंतभर आरसा आणि बाटल्यांचं एक फडताळ, एवढाच पसारा. वीस वर्षांपूर्वी तीन महिन्यांचा कोर्स करून घरातल्या थोरल्या सुनेनं ते काढलं, आणि भुवया कोरता कोरता लोकांच्या चेहऱ्यांवर बोलायची तिला सवय लागली. कुणाला वांग आले, कुणाचे केस गळले, की हिचा सल्ला तयार. गिऱ्हाइकं तिला थट्टेनं 'डॉक्टरीणबाई' म्हणत. ती वरवर "चला, काहीतरीच!" म्हणायची, पण आतून सुखावायची.

मात्र हिवाळा आला की तिच्याच भुवयांत आणि नाकाच्या कडेला पिवळट, तेलकट पापुद्रे धरायचे. खाजवलं की खाली लाल कातडी दिसायची. लोकांचे चेहरे उजळवणारीच्या तोंडावर कोंडा म्हणजे दिव्याखाली अंधार. तिनं मेडिकलवाल्याला गाठलं. त्यानं कसलीशी ट्यूब काढून दिली आणि तीन दिवसांत चेहरा लख्ख झाला. मग काय, तिला जणू परीसच सापडला. ती ट्यूब सगळ्यांना सांगत सुटली.

धाकटी जाऊ वरच्या मजल्यावर राहायची आणि बालवाडीत शिकवायची. थोरलीचा शब्द तिला प्रमाण. एकदा मुलांना मैदानावर खेळवून आली, तर दोन्ही गाल आणि नाकाचा शेंडा लालबुंद झालेला.

"ताई, उन्हात गेलं की असं होतं हो. गरम चहा घेतला तरी भडका उडतो. आता सालंही निघायला लागलीत."

थोरलीनं तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "अगं, माझं होतं तेच हे. हे घे, दोन वेळा लाव."

आठ दिवसांत गाल निवले. जाऊ खाली येऊन गळ्यातच पडली. पण ट्यूब संपली आणि लाली दुपटीनं परतली. दुसरी ट्यूब आणली, मग तिसरी. दोन महिन्यांनी गालांवर बारीक पुटकुळ्या उठल्या, नाकावर लाल दोऱ्यांसारख्या शिरा दिसू लागल्या, आणि साध्या पाण्यानंही आग व्हायला लागली.

"बंद करून बघू का ताई?"

"बंद करतेस म्हणूनच उलटतंय. नेमानं लाव."

हे ती ठासून बोलली. खरं तर तेव्हाच मनात कुठेतरी पाल चुकचुकली होती. पण चुकले म्हणायला जीभ रेटेना.

मग एके दिवशी बालवाडीत एका आईनं जावेच्या मांडीवरून आपली पोर उचलून घेतली. "बाई, हे दुसऱ्याला लागणारं तर नाही ना?" असं चार जणांत विचारलं. जाऊ त्या दिवशी घरी आली ती दार लावूनच बसली. दुसऱ्या दिवशी शाळेला गेली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा मात्र थोरली तिला घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर मध्यमवयीन, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. भिंग लावून त्यांनी गाल पाहिले, डोक्यातला भांग पाहिला, कानामागे पाहिलं, कोपर तपासले. मग विचारलं, "काय लावत होतात?"

जावेनं पिशवीतून ट्यूब काढली. क्षणभर थोरलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मेडिकलमधून आणली. मीच, माझ्या मनानं."

आता बोलावं असं थोरलीला वाटलं, ओठ हललेही. पण डॉक्टर केसपेपरवरचा व्यवसाय वाचून बोलू लागल्या होत्या.

"मुलांना शिकवता ना तुम्ही? स्टेरॉइड आहे हे. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने चोळतात का असं कुणी?"

जाऊ मान खाली घालून ऐकत राहिली. दुसऱ्याच्या वाटणीची बोलणी ती निमूट गिळत होती, आणि जिच्या वाटणीची होती ती शेजारी पर्सचा बंद पिळत बसली होती.

"मला वाटलं कोंड्याचंच आहे," जाऊ म्हणाली.

"कोंड्याचं असतं ते भुवयांत, नाकाच्या घडीत, कानामागे, डोक्यात. खाज येते, पापुद्रे चिकट निघतात. हे बघा, यांचं आहे तसं." डॉक्टरांनी सहज थोरलीच्या भुवईकडे बोट केलं. ती शरमेनं लाल झाली. "तुमचं तसं नाही. तुमच्या भुवया, डोकं स्वच्छ आहे. लाली गालांच्या मधोमध आणि नाकावर, खाजेपेक्षा आग जास्त, ऊन किंवा गरम पेय लागलं की भडकते, बारीक शिरा दिसतात. याला रोझेशिया म्हणतात. सोरायसिस असता तर कोपरांवरही जाड, पांढरट खपल्या सापडल्या असत्या. दिसायला सगळं लालच, पण औषध वेगवेगळं. आणि दुसऱ्याला लागणारं यातलं एकही नाही, हे शाळेत बिनधास्त सांगा."

चिठ्ठी घेऊन दोघी बाहेर आल्या. जाऊ औषधांच्या रांगेत उभी राहिली. ती रागावलेलीही दिसत नव्हती. थोरलीला तेच सहन होईना. ती तशीच मागे वळली. कंपाउंडर "अहो, नंबर!" म्हणत राहिला, पण तिनं दार ढकललं. आत दुसरा पेशंट बसला होता. त्याच्यादेखत ती म्हणाली, "डॉक्टर, ती ट्यूब मी दिली. ती बंद करते म्हणत होती, मीच लाव म्हणाले. तिला बोललात ते माझं होतं."

आता आपली खरडपट्टी निघणार म्हणून ती खांदे आवळून उभी होती. पण डॉक्टरांनी फक्त विचारलं, "आणखी किती जणींना दिलीत?"

हा प्रश्न तिच्या ध्यानीमनीही नव्हता. ती बोटांवर आठवू लागली. पाच झाल्या, मग सहावी आठवली.

"त्यांना पाठवा इकडे. आणि एकदम बंद करू नका म्हणावं, चेहरा पेटतो. हळूहळू सोडवावं लागतं."

पुढचे चार दिवस ती सहा दारांशी गेली. "माझं चुकलं, मला त्यातलं कळत नाही," हे वाक्य पहिल्या दारात तोंडातून निघता निघेना. एकीनं ऐकून घेतलं आणि दार लावलं. एकीनं पाणी दिलं, वर चार शब्दही सुनावले. एक तर हसलीच, "मला छान गुण आलाय, मी नाही बाई सोडणार!" तिच्याकडे थोरली तीनदा गेली, तेव्हा कुठे ती डॉक्टरांकडे जायला तयार झाली. सहांपैकी दोघी पार्लरला पुन्हा कधी आल्याच नाहीत.

जावेचे पहिले तीन आठवडे फार वाईट गेले. चेहरा सुजला, रात्रीची झोप उडाली. मग हळूहळू पुटकुळ्या बसल्या आणि चौथ्या महिन्यात ती बालवाडीत पहिल्यासारखी रमली. नाकावरच्या दोन-तीन शिरा मात्र राहिल्या.

एका दुपारी ती भुवया करून घ्यायला खाली आली. खुर्चीत मान मागे टाकून बसली. थोरली दोरा ताणून वाकली आणि त्या शिरा अगदी जवळून दिसल्या.

"तू डॉक्टरांसमोर खोटं का बोललीस गं?"

"तुम्हाला परक्यांसमोर बोलणी बसू नयेत म्हणून." जावेनं डोळे मिटलेलेच ठेवले. "पण ताई, तुम्ही गप्प बसलात ना, ते मला त्या आगीपेक्षा जास्त लागलं."

"मान जरा वर कर," एवढंच थोरली म्हणाली, आणि तिनं दोरा पुन्हा बोटांवर गुंडाळला.