हाक मारायची नाही!

माझ्या सख्ख्या आईनं मला मालवणच्या धक्क्यावर टाकून दिलं आणि होडीत बसून ती निघून गेली. मी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती, एवढंच काय ते समाधान.

आमचे पूर्वज तलवारी घेऊन दख्खनेतून ग्वाल्हेरला आले. (मी टोपी बाजारात पायजमे विकतो. घराणी उतरणीला लागतात ती अशी!) आईला गच्चीतून रोज तिथला किल्ला दिसतो, पण समुद्र तिनं जन्मात पाहिला नव्हता. "सिंधुदुर्गाच्या दरवाज्यात पाऊल टाकताना तू माझा हात धर. बस्स, आणखी काही नको," एवढंच तिचं मागणं. तेवढ्यासाठी दुखरे गुडघे घेऊन ती इतक्या लांब आली.

आता माझी विद्या सांगतो. फुटपाथवर चादर अंथरून मी धंदा सुरू केला, तेव्हा एकच गोष्ट शिकलो. माल घेताना भाव पटला नाही की पाठ फिरवून चालू लागायचं. मागे बघायचं नाही. समोरचा ओरडतोच, "ओ भाईसाहब, सुनिए तो!" या हाकेच्या जोरावर मी दुकान उभं केलं, घर बांधलं. लग्नाचं कार्यालयसुद्धा असंच ठरवलं!

धक्क्यावर आई आणि माझी बायको सुधा होडीत चढल्या. मी दोघींना बजावलं, "मी भाव करताना मधे बोलायचं नाही. निघून गेलो तरी घाबरायचं नाही. आणि हाक तर मुळीच मारायची नाही!"

मग मी नावाड्याकडे वळलो.

"शेट, दर पाटयेर लिवलेलो आसा," तो म्हणाला.

"पाटीवरचा भाव देणारा अजून जन्मायचाय!"

"मगे ह्ये सगळे देऊन बसलेत मां?"

अख्खी होडी माझ्याकडे बघून हसली. माझं डोकं सटकलं. "रहने दो भैया! नाही जायचं आम्हाला!" म्हणालो आणि फिरवली पाठ.

नारळवाल्यापर्यंत गेलो. हाक नाही. पावलं लहान केली. एक चप्पल काढून झटकली. मग दुसरी झटकली. (दोन्हींत वाळूचा कण नव्हता!) मागे इंजिन धडधडलं. म्हटलं, घाबरवतोय लेकाचा! शेवटी नियम मोडून मागे बघितलं. होडी पाण्यात बरीच पुढे गेली होती आणि आई मला हात हलवून टाटा करत होती!

मी सुधाला फोन लावला. "अगं, हाक का नाही मारलीस?"

"तुम्हीच तर मना केलं होतं!"

"पण होडी सुटली ना!"

"आम्हाला वाटलं, भाव अजून कमी होऊन राहिलाय!"

मी धक्क्यावर बसून राहिलो. समोर किल्ला, त्यात कुठेतरी आई, आणि माझे दोन्ही हात रिकामे. राग नावाड्याचा, सुधाचा, नारळवाल्याचाही. (तो फिदीफिदी हसत होता.)

होडी परतली. ज्याला मी मनातल्या मनात लुटारू ठरवलं होतं, त्याच नावाड्याचा हात धरून आई उतरली. तिनं माझ्यापुढे पाण्याची बाटली धरली.

"किल्ल्यातल्या विहिरीचं आहे. चारी बाजूंनी खारा समुद्र, आणि हे बघ कसं गोड! घे, डोकं थंड होईल."

"पाहिलास ना किल्ला? झालं तर!" मी फुगूनच होतो.

"कुठे पाहिला? मी दरवाज्याबाहेर पायरीवर बसून होते. पाणी सुधानं आणलं."

"का?"

"हात कोण धरणार होतं, बाबू?"

मी विहिरीचं पाणी घटाघटा प्यायलो आणि उठलो.

शेवटची होडी सुटत होती. नावाडी म्हणाला, "शेट, दर..."

"पाटीवरचा! आधी चल तू!"

"अरे, थोडा तर भाव कर," आई कानात पुटपुटली, "बाजारात नाक कटेल!"

दरवाज्यात सुधानं आमचा फोटो काढला. मी आईचा हात धरलाय असं मी सगळ्यांना सांगतो. नीट बघितलं तर मनगट माझं आहे आणि पकड आईची.

हल्ली दुकानात एखादं गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं की मी लगेच हाक मारतो आणि म्हणेल तो भाव देतो. कुणी सांगावं, बिचाऱ्याची आई होडीत बसली असेल!