निकेशचा अंगठा

चौलच्या नाक्यावरून रेवदंड्याकडे निघालात की नारळाच्या वाडीला खेटून एक पत्र्याची शेड लागते. तिथे गाड्यांच्या सायलेन्सरच्या नळ्यांवर सिरॅमिकचा लेप चढवतात. इंजिनातून निघालेली आग नळीतच राहावी, बॉनेटखाली भट्टी होऊ नये, खाऱ्या हवेत लोखंड सडू नये, म्हणून हा खटाटोप. अलिबागला बंगले बांधून बसलेले हौशी लोक जुन्या जीपच्या नळ्या घेऊन येतात, तसे होडीवालेही येतात. बाई कसली ही कामं करते, असं नाक मुरडणारेही येतात आणि काम बघून गप्प घरी जातात. बाई म्हणजे विनिता. शेड तिच्या नवऱ्याची, निकेशची.

निकेश मासेमारी सोडून या धंद्यात शिरला होता. एकदा काय झालं, चुलत्याच्या होडीवर माणूस कमी पडला, म्हणून हा एका फेरीपुरता गेला. वाऱ्यानं दर्या खवळला, लाट आली आणि ह्याला तेवढं उचलून घेऊन गेली. बाकीचे परत आले. ह्याचं प्रेतसुद्धा मिळालं नाही.

आणि प्रेत मिळाल्याशिवाय रडायचं नाही, असं त्याच्या आईनं, वेणूबाईनं ठरवलं. दहावं नाही, तेरावं नाही, सुनेच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांना कुणी हात लावायचा नाही. "न्हाय मिळाला म्हंजे हाय," म्हणायची. तोंडानं हे म्हणायची आणि पोटात घास घालायची नाही. पेज समोर ठेवली की तोंड फिरवून बसायची. पार चिपाड झाली होती म्हातारी. मोतीबिंदूनं डोळे गेलेले, त्यात हे. विनितानं धड रडावं की पोट भरायला बाहेर पडावं? तिनं शेड उघडली.

आता या कामातली मेख ऐका. नळी आधी भट्टीत कोरडी भाजायची, मुरलेलं तेल जाळायचं. मग वाळूचा फवारा मारून पांढरीफटक करायची. त्यानंतर तिला उघडा हात लावायचा नाही, म्हणजे नाहीच. बोटाला तेल असतं, घाम असतो. वरून लेप मारला तरी भाजल्यावर तिथं फुगवटा येतो, बोटाची रेघ न् रेघ उमटते. निकेशला नेमकी हीच खोड होती. वाळू नीट बसली का, हे तो अंगठ्यानं चाचपून बघायचा. त्या अंगठ्यावर गळ लागून पडलेली आडवी खूण होती. किती गिऱ्हाइकांनी नळ्या परत आणल्या, विनितानं किती डोकेफोड केली, पण हा हसायचा आणि पुन्हा तेच करायचा.

विनिता रबरी हातमोजे घालूनच काम करी. चावी तिच्या कमरेला, शेडमध्ये दुसरं कुणी नाही. आणि तिनं एकटीनं केलेली पहिलीच नळी भट्टीतून बाहेर काढली, तर वळणावर अंगठा! मधोमध आडवी खूण.

तिनं मोजे कुठं फाटलेत का ते बघितलं. मग स्वतःवरच चिडली. लेप खरवडला, वाळू मारली, पुसून घेतलं, पुन्हा भाजली. पुन्हा अंगठा. या खेपेला तर वळणाच्या आतल्या अंगाला, जिथं तिची दोन बोटंसुद्धा धड शिरत नव्हती.

ती नळी तिनं घरी नेली. का नेली, देव जाणे. वेणूबाईच्या मांडीवर ठेवली. म्हातारीनं चाचपलं, बोट फुगवट्यावर थांबलं. वर, खाली, मग आडवं. आणि काय सांगू, ती म्हातारी खदखदून हसली! "आला रं माझा बाबा," म्हणाली आणि "पेज हाय का गं?" असं विचारलं. ताटली चाटून पुसून साफ केली.

तेव्हापासून वेणूबाई दुपारी शेडमध्ये येऊन बसू लागली. भट्टी निवली की नळी आधी तिच्या मांडीवर. अंगठा सापडला की ती जेवायची. एखाद्या नळीवर हुडकायला वेळ लागला तर म्हातारीचे ओठ थरथरायचे आणि विनिता पेजेचं भांडं हातात धरून उभी राहायची. पण सापडायचाच. गिऱ्हाइकं कटकट करायची. अलिबागचा अजेय तर म्हणाला, "वहिनी, काम एक नंबर, पण हा डाग कसला?" ती म्हणायची, "आतल्या बाजूला आहे, दिसत नाही कुणाला." बिचारा नळी घेऊन जायचा.

विनिताला भीती वाटायची का? वाटायची तर! लेपाची गन हातात धरली की पाठीशी कुणीतरी अगदी जवळ उभं राहायचं. निकेश असाच उभा राहायचा, नळीपासून गन किती लांब धरायची ते सांगायला. मानेवर श्वास लागायचा, गार आणि ओला. बाहेर ऊन मी म्हणत असायचं आणि हिच्या अंगावर काटा. मागे वळायची तिची छाती झाली नाही. नुसतं म्हणायची, "सरक जरा." आणि श्वास सरकायचा.

मग मार्गशीर्षात म्हातारीला ताप भरला. ती घरीच राहिली. विनितानं अजेयच्या जीपची नळी लेपाला घेतली. लेप मारून झाला तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आज "सरक" म्हणावंच लागलं नाही. पाठीशी नुसती मोकळी जागा.

नळी निघाली ती आरशासारखी साफ. तिनं उजेडात धरली, आत बॅटरी मारली, मोजे काढून कोपरा न् कोपरा चाचपला. काही नाही. असा तुकडा निकेशच्या हातूनही कधी निघाला नव्हता. म्हातारी तापानं फणफणलेली, घरी नळीची वाट बघत पडलेली. आज अंगठा नाही म्हटल्यावर ती उद्याचा दिवस बघत नाही, हे विनिताला लख्ख दिसत होतं.

तिनं लेप खरवडला. नळी पुन्हा पांढरी केली. मोजा काढलेलाच होता. स्वतःच्या अंगठ्याला तिनं आडवा दोरा करकचून बांधला, वळ उठेपर्यंत. दोरा सोडला, अंगठा खोबरेल तेलात टेकवला आणि वळणावर दाबला. वरून लेप मारला, भट्टी लावली. निवेपर्यंत तिथंच बसून राहिली. मान उघडी ठेवून बसली होती वेडी. श्वास काही लागला नाही.

घरी वेणूबाई गोधडीखाली जागी होती. पडल्यापडल्याच तिनं नळी छातीवर घेतली. बोट फुगवट्यावर आलं. वर, खाली, आडवं. पुन्हा वर, पुन्हा खाली.

"इनिता."

"काय, आये?"

"अंगठा तुजा हाय."

म्हातारीनं हात पुढे करून तिचा अंगठा शोधला. दोऱ्याचा वळ अजून होता. तो तिनं हळूच चोळला, लहान पोराला लागलं की चोळतात तसा.

"खरं सांग. माझ्या गळ्याची शपथ. आधीचे बी तुजेच व्हते?"

हो म्हटलं असतं तर? सगळाच खेळ सुनेनं केला म्हणून म्हातारी चार शिव्या देती, पण पोर अजून दर्यावरून यायचंय म्हणून वाट बघत राहती. विनिताच्या जिभेवर हो आलंही होतं. पण ती शपथ पडली होती.

"न्हाय, आये. ते त्याचेच. माझा आज पयल्यांदा."

"मंग आज आला न्हाय."

"न्हाय."

वेणूबाईनं नळी बाजूला ठेवली, भिंतीला धरून उठून बसली आणि असा हंबरडा फोडला, की अख्खा कोळीवाडा धावत आला. विनिता सासूच्या कमरेला मिठी मारून रडत होती. शेजारची रंगू दारातच थबकली.

"काय झालं? कोण गेलं?"

"माझा निकेश गेला गं," वेणूबाई म्हणाली.

रंगू चक्रावली. "अगो, कधी?"

"आत्ता," म्हातारी म्हणाली.