बारा मायक्रॉन आणि आठ मिनिटं

२०१७ सालच्या फेब्रुवारीतला एक शुक्रवार. कॅनडातल्या विंडसरच्या एका कारखान्यात मी गाडीच्या स्टिअरिंगचे भाग मोजायचं काम करत होते. घरी निघता निघता मी एक नसता उद्योग केला. आदल्या दिवशी मीच पास केलेल्या मालातले दोन नमुने टेबलावर पडले होते, ते सहज पुन्हा मशीनवर लावले. दोन्हींमधलं बेअरिंग बसायचं भोक मर्यादेपेक्षा बारा मायक्रॉननी मोठं निघालं. बारा मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा पाचवा-सहावा हिस्सा. पण मर्यादेबाहेर ते मर्यादेबाहेरच.

चूक कुठे झाली ते लगेच कळलं. ॲल्युमिनियम थंडीत आकसतं. बाहेर उभ्या ट्रेलरमधून आलेला माल आधी रात्रभर मोजायच्या खोलीत ठेवायचा आणि मगच मोजायचा, हा नियम माझ्याच डोक्यावर भिंतीला लावलेला होता. पण चाकणला अकरा वर्षं मी पीस हातात आला की मोजत आले होते. तिथे आत-बाहेर एवढा फरक कधी नसायचा. गुरुवारी माल घेऊन आलेला ड्रायव्हर ताटकळत उभा होता, माझा हात जुन्या सवयीने चालला आणि गारठून लहान झालेलं भोक मला अगदी बरोबर दिसलं. मी सही ठोकून मोकळी झाले.

माल शुक्रवारी दुपारीच पूल ओलांडून अमेरिकेत, डेट्रॉइटला गेला होता. सोमवारी सकाळी तो गाड्यांमध्ये बसणार होता. बेअरिंग सैल बसलं तर स्टिअरिंग कधी खेळायला लागेल, कोणाच्या हातात, हे कोणीच सांगू शकत नव्हतं.

आणि सोमवारीच मॅनेजर मला पीआरच्या, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीच्या, अर्जासाठी नोकरीचं पत्र देणार होता. माझं कामाचं परमिट याच कंपनीच्या नावाचं, जूनमध्ये संपणारं. पत्र नाही तर अर्ज नाही. अर्ज नाही तर आमचं तिघांचं बिऱ्हाड परत पुण्याला.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, बारा मायक्रॉन! कुणाला कळणारे? सोमवारी लेटर हातात पडू दे, मग सांग ना." मला नेमकं हेच ऐकायचं होतं, म्हणून मी त्याच्यावरच खेकसले.

शनिवारी बेसमेंटमध्ये लेक पोस्टर करत बसली होती. सातवीच्या वर्गात प्रत्येकाला युरोपातला एकेक जुना शास्त्रज्ञ दिला होता. तिला हवा होता दुर्बिणीतून गुरूचे चंद्र बघणारा इटालियन. तो मैत्रिणीने पळवला आणि हिच्या वाट्याला एक जर्मन गणिती आला, त्यामुळे बाईसाहेब आठवडाभर फुरंगटून होत्या. या माणसाच्या हाती एका डेन्मार्कच्या सरदाराच्या नोंदी आल्या होत्या. त्या सरदाराने दुर्बीण नसताना, नुसत्या डोळ्यांनी, वर्षानुवर्षं मंगळाची जागा मोजून ठेवली होती. गणित्याने वर्तुळावर आधारलेला हिशेब अतोनात कष्टाने बसवला आणि तो आठ मिनिटांनी चुकला. ही घड्याळातली नव्हेत, कोनातली मिनिटं. आकाशात चंद्र जेवढा रुंद दिसतो त्याच्या पाव हिश्शाएवढी.

लेकीला त्याने शेवटी शोधलेली मंगळाची लांबट कक्षा काढायची होती. दोन टाचण्यांवरून दोरा सारखा निसटत होता. शेवटी तिने एकाच टाचणीला दोरा बांधून सरळ वर्तुळ काढलं.

"हे चूक आहे," मी म्हटलं.

"आई, इट्स बेसिकली अ सर्कल. एवढ्या मोठ्या कागदावर टू मिलिमीटर्सचा पण डिफरन्स नाहीये. नोबडी विल नो."

"मग ठेव तसंच," मी ओरडले. "कोण बघायला येतंय! संपव एकदाचं ते!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. चुकलेला टाका चारदा उसवायला लावणारी आई हे बोलते आहे, हे तिला पटत नव्हतं. मग तिने पोस्टरच्या मथळ्यावर बोट ठेवलं. "बट ही थ्रू अवे एव्हरीथिंग फॉर एट मिनिट्स. हाच तर माझा टॉपिक आहे. आणि त्याने स्वतःच्या मिस्टेक्स पण बुकमध्ये लिहिल्या. ऑल ऑफ देम." थोडं थांबून तिने विचारलं, "डिड ही गेट इन ट्रबल?"

"माहीत नाही," मी म्हटलं. मला भयंकर लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली.

रविवारी सकाळी मी मॅनेजरला फोन लावला. नंबर दोनदा चुकला. मी सगळं सांगितलं. माल थंड होता, नियम मला माहीत होता, सही माझी आहे. मग त्याने विचारलं, "हे अजून कोणाला माहीत आहे?"

"घरी. कंपनीत कोणालाच नाही."

तो म्हणाला, "मी डेट्रॉइटला लाइन थांबवायला सांगतो. तू ये, परत मोजायचंय." जिन्यात लेक बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

सोमवारी त्याने ड्रॉवर उघडला. माझं पत्र आतच होतं, सही केलेलं. त्याने ते पाहिलं, ड्रॉवर बंद केला आणि म्हणाला, "आज नाही." आठवड्याने माझ्या हातात पडली ती लेखी वॉर्निंग.

त्याच संध्याकाळी लेक पोस्टर घेऊन घरी आली, रागाने लाल. तिने दोन्ही आकृत्या लावल्या होत्या, लांबट कक्षा आणि तिच्या शेजारी ते वर्तुळ. वर्तुळाखाली लिहिलं होतं, 'माझा पहिला प्रयत्न. चूक.' बाईंनी पाच मार्क कापून शेरा मारला होता की चुकीची आकृती काढून टाकायला हवी होती.

मी पर्समधून माझा कागद काढून तिच्यापुढे धरला. तिने तो दोनदा वाचला. "सो यू डिड गेट इन ट्रबल."

"हो."

"आर वी गोइंग बॅक?"

"माहीत नाही गं."

तिने दोन चुंबक आणले आणि दोन्ही कागद फ्रिजवर शेजारी शेजारी लावले. नवरा दूध काढायला आला, कागद वाचून थबकला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

नोकरीचं पत्र मे महिन्यात मिळालं, परमिट संपायला तीन आठवडे असताना. ते आम्ही फ्रिजवर लावलं नाही. तिथे जागाच नव्हती.