तडी, थर पडतील

"तडी, तडी. थर पडतील."

धारवाडात कुणाला थांबवायचं तर मराठी माणूसही कानडीतच ‘तडी’ म्हणतो. आमच्या कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे मास्तर मात्र हे स्वतःच्या गणितालाच सांगत, आणि सांगताना हातातलं लाकडी तबक हलकेच हलवत राहत.

तबकात खराट्याच्या हिरांचे तुकडे असत. काही द्रव वाहतात पाण्यासारखे, पण आतले काडीसारखे लांबट कण थराथरांनी उभे असतात, असं मास्तरांनी एका विलायती मासिकात वाचलं होतं. असा द्रव त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. तरी तो तापवला तर थर केव्हा मोडतील, हे गणिताने सांगायचा त्यांनी ध्यास घेतला होता. हीर म्हणजे कण, तबक हलवणं म्हणजे ऊब. हळू हलवलं की हीर थर धरत, जोरात हलवलं की विस्कटत. केलगेरीच्या तळ्यावर फिरायला गेलो तरी हाच विषय. मी संस्कृत शिकवणारा. मला अर्धंच कळे, पण मान मी पुरती हलवत असे.

हीर तोडायचं काम त्यांच्या पत्नीचं, अक्कांचं. बोटाच्या पेराएवढा तुकडा, अडकित्त्याने, सगळे अगदी सारखे. त्या घरात एकही खराटा म्हातारा झाला नाही. केर काढायला अक्का शेजारचा मागून आणत, आणि हे कौतुकानेच सांगत.

एकदा बंगळूरहून एक मोठे शास्त्रज्ञ मास्तरांचं काम बघायला घरी आले. त्यांना पटलं तर लेख छापून येणार होता. मास्तरांचं सगळं आयुष्य त्या एका लेखाकडे डोळे लावून बसलं होतं. अक्कांनी मुद्दाम नवे हीर तोडून ठेवले होते.

मास्तर तबक हलवत राहिले. हीर एका दिशेला वळले, पण थर काही पडेनात. पाहुणे घड्याळ बघू लागले.

मी वाकून पाहिलं. तुकडे लहानमोठे होते; थर पडणार कुठून? मास्तरांनीही ते पाहिलं, मग दाराशी उभ्या अक्कांकडे पाहिलं. अक्कांना मोतीबिंदू झाला होता, आणि त्या तो सगळ्यांपासून लपवत होत्या.

"गणितच चुकलंय माझं," मास्तर शांतपणे म्हणाले. "पुन्हा मांडायला हवं."

लेख कधीच छापला गेला नाही. मला त्या दिवशी त्यांचा रागही आला आणि मायाही वाटली. पुढेही हीर अक्काच तोडत राहिल्या. मास्तर मात्र आता लहानमोठ्या काड्यांचं नवंच गणित मांडत बसले. दिशा राहते आणि थर पडत नाहीत, ते का, याचं. ते पुरं व्हायच्या आत मास्तर गेले.

तेराव्यानंतर मी भेटायला गेलो. अक्का सोप्यात तबक घेऊन बसल्या होत्या. त्यांना आता जवळजवळ दिसत नव्हतं. चाहुलीवरून त्यांनी मला ओळखलं आणि तबक हलकेच हलवलं.

"बघा की हो, थर पडलेत काय?"

सगळे हीर एका दिशेला तोंड करून पडले होते. थर एकही नव्हता.

"तडी, अक्का," मी म्हणालो. "पडतायत."